कॅथलिक क्लासमध्ये रेसिझम शिकवायचाय? कुठून सुरू करायचं, काय टाळायचं

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत किंवा पॅरिशच्या, म्हणजे आपापल्या भागातल्या चर्चच्या, रविवारच्या धर्मशिक्षणाला शिकवणारे आपले लोक आहेत ना, वसईचे, गोव्याचे, मुंबईचे ईस्ट इंडियन, त्यांच्यात फेब्रुवारी जवळ आला की हा विषय निघतोच. ब्लॅक हिस्टरी मंथ येतोय, वर्गात काय घ्यायचं, मुलं प्रश्न विचारतात, पालक चिडतात, फादर म्हणतात जरा जपून. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतेय. मी न्यू जर्सीत सहावी ते आठवीला शिकवते त्यामुळे बरंचसं त्याच वयाचं आहे, छोट्यांचं पुढे थोडं सांगते.

माझं मत आधीच सांगते म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जायला नको. या विषयावर अमेरिकेत दोन बाजूंची जोरात भांडणं चालू आहेत आणि आपण वर्गात त्यातल्या कुठल्याही एका बाजूचे शब्द उचलून आणले की अर्धा वर्ग तिथेच कान बंद करतो, कारण घरी रात्रंदिवस टीव्हीवर तेच चालू असतं. पण कॅथलिक वर्गाकडे स्वतःचे शब्द आहेत की, पाप, पश्चात्ताप, कबुली, भरपाई. आठवीच्या पोराला कन्फेशन म्हणजे काय ते माहिती असतं, आवडत नसलं तरी. तिथून सुरू करा. आणि दुसऱ्यांच्या पापापासून नाही, आपल्या चर्चच्या पापापासून.

आधी परवानगीचं बघा. प्रिन्सिपल किंवा धर्मशिक्षणाच्या प्रमुखांकडे जाताना हात हलवत जाऊ नका, कॅटेकिझममधले, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकातले, दोन परिच्छेद प्रिंट करून न्या. परिच्छेद क्रमांक १९३५ मध्ये लिहिलंय की वंश, रंग, भाषा, धर्म यावरून केलेला भेदभाव देवाच्या योजनेत बसत नाही आणि तो मोडून काढला पाहिजे, आणि क्रमांक १८६९ मध्ये 'पापाच्या रचना' येतात, म्हणजे माणसांची पापं साचत साचत समाजाची व्यवस्थाच कशी वाकडी होते ते. त्यासोबत अमेरिकन बिशपांची दोन पत्रं. १९७९ च्या पत्रात रेसिझम हे पाप आहे असं स्पष्ट म्हटलंय. दुसरं नोव्हेंबर २०१८ चं, त्यात नेटिव्ह अमेरिकन, आफ्रिकन अमेरिकन आणि हिस्पॅनिक लोकांचे अनुभव वेगवेगळे घेतलेत आणि चर्चचा स्वतःचा सहभागही कबूल केलाय. एवढे कागद टेबलावर असले की 'हे पॉलिटिकल होईल' हे वाक्य निम्म्या वेळा निघतच नाही. वर्गात रेसिझम कसा शिकवायचा यावर ओक्लाहोमासारख्या राज्यांनी २०२१ पासून जे कायदे केले त्यांचा रोख सरकारी शाळांवर आहे, तरी आपल्या डायसीसचं, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताचं, काय म्हणणं आहे ते ऑफिसला विचारून घ्या, नंतर कटकट नको.

पालकांना पत्र आधी पाठवा, नंतर नाही. चार ओळी बास, कुठल्या आठवड्यात कोणाची गोष्ट सांगणार आणि कुठले कागद वाचणार.

आता पहिला पाठ. फादर ऑगस्टस टॉल्टन. यांच्याइतकी चांगली सुरुवात मला तरी दुसरी सापडलेली नाही. जन्म १८५४, मिझुरीत, गुलाम आईबापाच्या पोटी, मालक पण कॅथलिक आणि गुलाम पण कॅथलिक, हे वाक्य वर्गात हळू वाचा कारण मुलांना वाटत असतं गुलाम ठेवणारे कोणीतरी 'दुसरे' होते. सिव्हिल वॉर चालू असताना आई मार्था पोरांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयमधल्या क्विन्सीला पळून आली. तिथे पॅरिशच्या शाळेत घातलं तर गोऱ्या पालकांनी एवढी बोंब मारली की पोराला शाळा सोडावी लागली. मग शेजारच्या पॅरिशच्या आयरिश फादरांनी, पीटर मॅकगर त्यांचं नाव, त्याला आपल्या शाळेत घेतलं आणि ते मागे हटले नाहीत.

इथे थांबा, पुढे पळू नका. वर्गाला विचारा, त्या पहिल्या शाळेत पाप कोणी केलं? ओरडले त्या पालकांनी? ज्यांना वाईट वाटलं पण गप्प बसले त्यांनी? मुलांना वाद घालू द्या. कोणीतरी हमखास म्हणतं की शाळेचा नाइलाज होता, फीच बंद झाली असती. मग विचारा, म्हणजे एकाही माणसाला मनातून द्वेष नसता तरी ऑगस्टस बाहेरच गेला असता का? झालं, पापाची रचना म्हणजे काय ते समजलं, तुम्ही एक जड शब्द वापरला नाही तरी.

पुढची गोष्ट, अमेरिकेतली एकही सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारं कॉलेज, त्यांना घेईना, शेवटी रोमला गेले, प्रोपगंडा फिदेच्या, म्हणजे रोमच्या मिशनच्या खात्याच्या, कॉलेजात शिकले आणि १८८६ मध्ये तिथेच दीक्षा झाली. त्यांना वाटलेलं आता आफ्रिकेत पाठवतील, पाठवलं परत क्विन्सीला. पुढे शिकागोत ब्लॅक कॅथलिकांचं सेंट मोनिका पॅरिश सांभाळलं आणि १८९७ च्या उन्हाळ्यात, उष्णतेच्या लाटेत, ४३ व्या वर्षी गेले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना व्हेनरेबल म्हणून मान्यता दिली, संतपदाच्या वाटेवरचा एक टप्पा. मुलांना हे भिडतं कारण हा माणूस चर्च सोडून गेला नाही. पण एक सावधगिरी, ही गोष्ट 'बघा किती सहनशील' अशी सांगू नका, तसं केलं की सगळा भार पुन्हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खांद्यावर. पहिल्या शाळेला उत्तर द्यायला लावा.

दुसरा पाठ जॉर्जटाउनचा, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या जेझुइट युनिव्हर्सिटीचा (जेझुइट ही कॅथलिक फादरांची एक ऑर्डर, म्हणजे संघ), याला दोन रविवार लागतात, घाई केली तर वाया जातो. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली, १,१५,००० डॉलरला, २५,००० रोख आणि बाकी हप्त्याने. करार १९ जूनचा आहे, म्हणजे जूनटीन्थचीच, अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याच्या दिवसाचीच तारीख, पण जूनटीन्थवाला १९ जून २७ वर्षांनंतरचा, हे मुलं स्वतःच पकडतात. करारावर जेझुइटांच्या बाजूने फादर थॉमस मलेडी आणि घेणाऱ्यांत लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन. कराराची प्रत इंटरनेटवर मिळते, पहिलं पान प्रिंट करा. यादी सुरू होते आयझॅकपासून, वय ६५, मग त्याचा मोठा मुलगा चार्ल्स, ४०, मग मुलगी नेली, ३८, आणि असं पानभर नाव आणि वय, नाव आणि वय. आडनाव नाही. माझ्या वर्गात ही यादी मी वाचत नाही, मुलं आळीपाळीने वाचतात, एकेक नाव, आपल्या वयाचं कोणी आलं की वाचणारा अडखळतोच. त्यावर तुम्ही काही बोलू नका, टीचरने तिथे भाषण ठोकलं की संपलं.

नंतरचा तपशील पण सांगा. रोमहून जेझुइटांचे प्रमुख यान रोथान यांनी अटी घातल्या होत्या, कुटुंबं तोडायची नाहीत, त्यांना मिस्सा-प्रार्थना करता आली पाहिजे, पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. पाळल्या नाहीत. जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज त्याच पैशातून फेडलं. मलेडींना पदावरून काढलं, पण काही वर्षांतच ते मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले, घ्या! आणि १८३९ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पुढच्याच वर्षी, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं, त्यावर चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड म्हणाले की हे परदेशातून माणसं आणण्याबद्दल आहे, आपल्या घरच्या गुलामगिरीबद्दल नाही. हुशार माणूस पळवाट कशी काढतो याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणार नाही, आणि आठवीची मुलं पळवाटांमधली एक्स्पर्ट असतात, लगेच ओळखतात.

मग फळ्यावर कन्फेशनचे टप्पे लिहा. मनाची तपासणी, पश्चात्ताप, कबुली, भरपाई. जॉर्जटाउनने यातलं काय काय केलं ते मुलांनी भरायचं. २०१७ मध्ये युनिव्हर्सिटीने आणि जेझुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली, मलेडींच्या नावाची इमारत आयझॅक हॉकिन्स यांच्या नावाने झाली, हाच तो यादीतला पहिला आयझॅक, तर हे कुठल्या टप्प्यात बसतं? २०१९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरवलं की प्रत्येकाने सेमिस्टरला २७.२० डॉलर वंशजांसाठी द्यावेत. युनिव्हर्सिटीने ती फी लावली नाही, देणग्यांतून वेगळा निधी केला. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांसोबतच्या फाउंडेशनला १० कोटी डॉलर उभे करून द्यायचं जाहीर केलं. मुलांना विचारा, १८३८ मध्ये जन्मलासुद्धा नव्हता अशा पोराने २७ डॉलर का द्यायचे? यावर वर्ग तुटून पडतो, पडू दे.

याच ठिकाणी कॅथलिक शिकवण कामाला येते, आणि ती दोन्ही बाजूंना थोडी टोचते. एक म्हणजे आजोबांच्या पापाचा दोष नातवावर येत नाही, कुठल्याही मुलाला वर्गातून 'मी गोरा म्हणून वाईट' असं वाटत घरी पाठवायचं नाही. दुसरं म्हणजे पापाची क्षमा झाली तरी झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही, चोरलेली वस्तू परत द्यावी लागते, कॅटेकिझमच्या परिच्छेद १४५९ मध्ये हेच आहे. आणि संस्था तर मरत नाही, तीच पॅरिश, तीच ऑर्डर, तीच इमारत आज पण वापरात आहे. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं मुलांना कळलं तर बाकी पाठ विसरले तरी चालेल. विकलेल्या माणसांचे वंशज लुइझियानातल्या मरिनग्वीनच्या बाजूला अजून राहतात आणि त्यातले कितीतरी अजून कॅथलिक आहेत, हे सांगायला विसरू नका. आपण 'त्या लोकांबद्दल' बोलत नाहीयोत, ते चर्चच आहेत.

एवढं अंधारातलं झालं की मुलं विचारतात मग कोणीच काही केलं नाही का. केलं. सेंट लुइसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी १९४७ मध्ये कॅथलिक शाळा सगळ्यांना खुल्या केल्या, सरकारी शाळांत काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं ठेवणं बंद करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या निकालाच्या सात वर्षं आधी, आणि शेकडो गोरे पालक कोर्टात जायला निघाले तेव्हा जाल तर चर्चमधून बहिष्कृत व्हाल असं पत्र मिस्सेत वाचायला लावलं. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल १९५६ मध्येच सेग्रिगेशन, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं, पाप आहे असं लिहून गेले होते पण शाळा उघडायला १९६२ उजाडलं, आणि त्या वर्षी विरोध करणाऱ्या तिघांना त्यांनी खरंच बहिष्कृत केलं, त्यात लिअँडर पेरेझसारखा मोठा राजकारणी होता. रमेल यांच्या या सहा वर्षांच्या उशिरावर पण बोला हं, नुसत्या टाळ्या नकोत.

क्रिटिकल रेस थिअरीबद्दल, म्हणजे रेसिझम कायद्यात आणि व्यवस्थेतच मुरलेला आहे असं मांडणाऱ्या विचाराबद्दल, कोणीतरी विचारणारच, मुलगा नाही तर त्याचा बाप. टाळू नका आणि त्यात बुडूही नका. चर्चमध्येच यावर एकमत नाही हे प्रामाणिकपणे सांगा. आर्चबिशप गोमेझ बिशप परिषदेचे अध्यक्ष असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये म्हणाले की नव्या सामाजिक चळवळी खोट्या धर्मासारख्या झाल्यात, माणसांची नुसती शोषक आणि शोषित अशी वाटणी होते आणि देवाची कृपा कुठे उरतच नाही. त्यावर बऱ्याच ब्लॅक कॅथलिकांनी नाराजी व्यक्त केली. फादर ब्रायन मॅसिंगेल यांच्यासारखे धर्मशास्त्रज्ञ तर वर्षानुवर्षं सांगतायत की रेसिझम म्हणजे फक्त मनातला द्वेष नाही, ती संस्कृतीत मुरलेली गोष्ट आहे. आणि गंमत बघा, समाजाच्या रचनेतच रेसिझम आहे हे १९७९ च्या पत्रात बिशपांनी स्वतःच लिहून ठेवलंय, थिअरीचं नाव ऐकायच्या कितीतरी आधी. मी मोठ्या मुलांना एवढंच सांगते आणि पत्रातला तो उतारा वाचायला देते.

झेंड्यांचं पण असंच. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरच्या बिशपांनी एका जेझुइट शाळेला यापुढे कॅथलिक म्हणवून घ्यायला मनाई केली, कारण शाळेने ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरचा आणि प्राइडचा झेंडा उतरवायला नकार दिला. फी न घेता गरीब घरच्या मुलग्यांना शिकवणारी शाळा ती. तुमची बाजू कुठलीही असो, आमच्यासारख्या रविवारी तासभर शिकवणाऱ्यांनी तो तास झेंड्यावर घालवू नये असं मला वाटतं, आयझॅकच्या यादीवर घालवावा.

काय करू नये ते पटापट. वर्गात एकच ब्लॅक मूल असेल तर 'तुला काय वाटतं' म्हणून सगळ्यांदेखत त्याच्याकडे वळू नका, ते मूल तिथे धर्म शिकायला आलंय, आपल्याला शिकवायला नाही. गुलामांचा लिलाव, डोळ्यांच्या रंगावरून वर्गाची विभागणी असली नाटकं अजिबात नको, हौस म्हणून पण नको. जुन्या कागदात शिवी असेल तर मोठ्याने वाचायची नाही. 'देवाला रंग दिसत नाही' हे वाक्य सोडून द्या, देवाला सगळं दिसतं. आणि बायबलमधून फक्त चांगला शोमरोनी काढू नका, तो पाठ झालाय सगळ्यांना. प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ घ्या, पहिल्याच चर्चमध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार झाली, प्रेषितांनी ती ऐकून घेतली आणि सात माणसं नेमली, सगळ्यांची नावं ग्रीक. तक्रार करणाऱ्यांना कोणी फूट पाडता म्हणालं नाही. यावर अख्खा तास होतो.

पालकांचे फोन येतात. 'माझ्या मुलाला लाज वाटायला लावताय का' असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, यादीचं पान आणि चार टप्पे दाखवा आणि पुढच्या रविवारी मागे बसून ऐका म्हणा. बहुतेक जण येत नाहीत, जे येतात ते शांत होऊन जातात.

खरी मजा आपल्या मंडळींची. 'अगं आपला काय संबंध, आपण तर आत्ता आलो.' आत्ता येता आलं कशामुळे? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की भारतीय गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाही, आणि आपल्याला दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, सिव्हिल राइट्स कायद्याच्या पुढच्या वर्षी, त्याच चळवळीच्या रेट्यात. संबंध तर आपल्याकडे जोतीरावांनीच जोडून ठेवलाय, १८७३ मध्ये आपलं पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

आणि घरातल्या मुलांना मातेउस द कास्त्रो यांची गोष्ट सांगाच. गोव्यातल्या दिवाडीचा हा माणूस, ब्राह्मण कुळातला कॅथलिक, गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी दीक्षा द्यायला नकार दिला म्हणून रोमला गेला, प्रोपगंडा फिदेनेच त्याला उभं केलं आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. टॉल्टन यांच्या अडीचशे वर्षं आधी, तोच रस्ता, तेच खातं. फक्त पुढचं पण सांगा, पोर्तुगीजांविरुद्ध त्याने जी हाक दिली ती ब्राह्मणांना दिली, सगळ्या गोवेकरांना नाही. भारतातल्या बिशपांनी २०१६ मध्ये दलितांसाठीचं धोरण काढताना चर्चच्या आत अस्पृश्यता चालते हे मान्य केलं. वसईत लग्न जमवताना 'आपल्यातलं' आणि 'दुसऱ्यातलं' कॅथलिक कसं मोजतात, गोरी सून का हवी असते, ते मी लिहायला नको. अमेरिकन वर्गात कबुलीचा धडा शिकवताना हे मनात असलेलं बरं, आवाज आपोआप खाली येतो.

छोट्यांना, म्हणजे तिसरीपर्यंत, यातलं काही नाही, फक्त माणसं. पेरूचे संत मार्टिन द पोरेस, सुदानच्या संत बखिता, बाल्टिमोरच्या मदर मेरी लँग, ज्यांनी १८२९ मध्ये ब्लॅक सिस्टर्सची ऑर्डर काढली. खडूंच्या डब्यात त्वचेचे सगळे रंग ठेवा, 'स्किन कलर' नावाचा एकच खडू ठेवू नका. भिंतीवरचे संत बघा किती रंगाचे आहेत, ग्वादालुपेची माता लावा, स्वस्तात मिळते. फेब्रुवारीच धरून बसायची गरज नाही, ब्लॅक कॅथलिक हिस्टरी मंथ नोव्हेंबरात असतो, सगळ्या संतांचा आणि मृतांचा महिना, तेव्हा हे जास्त सहज जमतं.

शेवटी भरपाईचा टप्पा रिकामा ठेवू नका, मोठ्या मुलांना आपल्याच पॅरिशचं काम द्या. ज्युबिलीचं जुनं पुस्तक, बाप्तिस्म्याची रजिस्टरं, पहिलं ब्लॅक कुटुंब कधी आलं, कुठे बसायचं, शेजारचं ब्लॅक पॅरिश बंद केलं का, केलं तर तिथल्या लोकांना आपल्याकडे कसं घेतलं. जे सापडेल ते एका पानावर लिहून फादरांना आणि पॅरिश काउन्सिलला द्यायचं, खाली मुलांनीच ठरवलेली एक मागणी, वार्षिक मिस्सा म्हणा, पाटी म्हणा, स्कॉलरशिप म्हणा. ऑफिसातल्या सेक्रेटरीला आधी फोन करा, शुक्रवारी जाऊ नका कारण बुलेटिन छापायची गडबड असते, आणि रजिस्टरं फार जुनी असतात म्हणून मुलांच्या हातात पेन देऊ नका, पेन्सिल द्या.